जोडावरचा रंग

बदनापूर
२ नोव्हेंबर २०२५

ती. पुंजाराम मामांना तृप्तीचा साष्टांग नमस्कार.

तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण तुम्ही खरं कधी सांगत नाही. कानाचं यंत्र डबीतच आहे की कानात घालता? मागे तुमच्या शेजारच्या बद्रीनाथभाऊंच्या फोनवर तुम्हाला बोलावलं, तर तुम्ही फोन उलटा धरून "कोण? कोण हाय?" करत राहिलात आणि मी इथे घसा फोडत होते. तेव्हाच ठरवलं, मामांशी बोलायचं तर पोस्टाचं तिकीट लावूनच.

काम असं आहे. अर्पिता नववीत गेली. शाळा आमच्या वस्तीपासून साडेचार किलोमीटर. इतके दिवस ती जीपने जायची, पण दिवाळीनंतर जीपवाल्याने शाळेच्या पोरी घेणं बंद केलं. दप्तरांच्या जागेत आणखी दोन माणसं बसतात म्हणे. नवी सायकल घ्यावी, तर यांच्या जालन्याच्या कारखान्यात एक पाळी बंद पडलीय आणि पगार निम्म्यावर आलाय. मी डोक्याला हात लावून बसले होते, तेव्हा आईच म्हणाली, "बाजारात कशाला जायला पाह्यजे? सायकल हाय की आपल्या भिंतीला."

दादांची सायकल, मामा. म्हणजे तिची फ्रेम. ट्रकखाली दोन तुकडे झालेली ती फ्रेम तुम्हीच जोडून, काळा रंग देऊन आईला आणून दिली होती. चाकं मात्र दिली नव्हती. एकोणीस वर्षं आई ती फ्रेम सोबत घेऊन फिरतेय. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे राहायला आली तेव्हाही तिच्या सामानात दोन पातेली, देवाचा डबा आणि ही फ्रेम होती. दर दसऱ्याला ती पुसते, हळदकुंकू लावते आणि परत खिळ्याला टांगते. तीच आई आता म्हणते, "त्यांच्या सायकलीवर त्यांची नात शाळंत गेली तर मला अजून काय पाह्यजे?"

तर ती रंगवायची आहे, आणि हात आखडता ठेवून. चाकं, सीट, चेन जुन्या बाजारातून आणू. शेजारच्यांनी लोखंडी गेट रंगवलं, त्यातला अर्धा डबा मोरपंखी ऑइल पेंट उरलाय, तो त्यांनी फुकट दिला. ब्रश आहे. घासायला किती नंबरचा पॉलिश पेपर आणू? खालून तांबडा प्रायमर लागतोच का, की तो खर्च वाचेल? चाळीस वर्षं सायकलीचं दुकान चालवलेला मामा असताना मी दुसऱ्या कोणाला विचारावं, हे बरं दिसत नाही.

तुमची
तृप्ती

*

पिंपळगाव रेणुकाई
७ नोव्हेंबर २०२५

चि. तृप्तीस मामाचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. यंत्र कानातच आहे, पण त्यातून नुसती शिट्टी ऐकू येते, म्हणून बंद करून घालतो. लोकांना बरं वाटतं.

सायकलीचं लिहिलंस ते दोनदा वाचलं. तसं करू नको. ती फ्रेम जुनी आहे, पाइप आतून गंजलेले असतील. आजकालच्या पोरींना एवढी जड सायकल झेपतही नाही. अर्पिताला जुन्या बाजारात लेडीज सायकल बघ. माझ्याकडे थोडे पैसे आहेत, मनीऑर्डर करतो. परत द्यायचे नाहीत.

आणि दुसरं असं की ती गेलेल्या माणसाची वस्तू आहे. ती पोरीच्या अंगाखाली असू नये. सुरेखाला आवडतं म्हणून भिंतीवर आहे ते ठीक. भिंतीवरच राहू दे.

तरीही रंगच द्यायचा असेल, तर जुना रंग घासून काढू नको. बिलकुल नको. साबणाच्या पाण्याने धू, उन्हात वाळव आणि वरून एक हात दे. पॉलिश पेपर नको, प्रायमर नको, काही खर्च नको. रंगवून पुन्हा टांगून ठेव. चाकं लावू नको.

फ्रेम खाली कोणी काढली? तुझ्याशिवाय आणखी कोणी हाताळली का, ते कळव. सुरेखा काही म्हणाली का, तेही कळव.

तुझा
पुंजाराम मामा

*

बदनापूर
१२ नोव्हेंबर २०२५

ती. मामांना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग यांना वाचून दाखवलं, मग दोघं हसलो. अमावास्येला सगळा बाजार बंद आणि पिंपळगावात एकट्या पुंजारामचं दुकान उघडं, असं लोक सांगायचे. लिंबू-मिरची बांधू न देणारा माझा मामा आता मला सांगतोय की गेलेल्या माणसाची वस्तू वापरू नये! म्हातारपण असं येतं होय? मनीऑर्डर करू नका. औषधं घ्या.

आणि तुमच्या पत्राची वाट बघत कोण बसतं? मी कामाला लागलेसुद्धा. अंगणातल्या लिंबाच्या फांदीला तारेने फ्रेम टांगली. घासलेटचा बोळा फिरवला, मग पॉलिश पेपर. अर्पिता एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. काळ्या रंगाखाली तांबडा निघाला, तांबड्याखाली हिरवा. हिरवा दिसल्यावर मी पेपर खाली ठेवला. तो हिरवा मला आठवतो, मामा. पुढच्या दांडीवर टॉवेल गुंडाळून दादा मला बसवायचे आणि माझ्या नाकासमोर तो हिरवा पाइप असायचा. आई पाहायला आली, तिने बोट फिरवलं आणि पदराने नाक पुसत आत गेली.

आता तुमच्या कामाचं. हँडलखाली जिथे खालचा तिरपा पाइप पुढच्या उभ्या पाइपाला मिळतो, तिथे काळा रंग चांगला जाड बसला होता. तो निघाला तर खाली लोखंड नाही, पिवळं काहीतरी दिसलं. मेणबत्ती वितळून थिजते तसा त्याचा गोळा बसलाय. त्याच्या कडेला केसाएवढी रेघ आहे आणि तिच्यातून गंजाचं तांबूस पाणी आल्यासारखे डाग आहेत. मी घासलं तर डाग गेले, रेघ राहिली. शेजारचे संपतभाऊ घरं रंगवतात. (दादांचंच नाव त्यांचं, म्हणून आई त्यांना हाक मारत नाही.) ते म्हणाले, "जुना रंग तडकला आसंल वहिनी. लांबी भरा आन् घासून घ्या, काय दिसत न्हाई मंग." भिंतीला भरतात ती लांबी त्यांच्याकडे उरलेली आहे, फुकटच.

ते पिवळं काय आहे? आईला विचारलं तर म्हणाली, "तुझ्या मामानं जीव वतून जोडली व्हती ती. त्याच्या हाताची सर कुनाला न्हवती." म्हणजे भांड्याला डाग देतात तसं काही का? सहज विचारते. तुम्हाला कारागिरीवर बोलायला आवडतं म्हणून.

तुमची
तृप्ती

*

पिंपळगाव रेणुकाई
१५ नोव्हेंबर २०२५

चि. तृप्ती,

पत्र आत्ता मिळालं, लगेच लिहितो आहे.

पिवळं आहे ते पितळ. त्या जागी लांबी भरू नको. रंग लावू नको. त्या रेघेवरून नख फिरव. नख अडकलं तर तो रंगाचा तडा नाही. रेघ किती लांब आहे, पाइपाच्या खालच्या अंगाला जाते का, ते बघ. आरसा धरून बघ, खालून दिसत नाही.

चाकं आणली असतील तर परत कर. बसवू नको.

मी स्वतः येतो. गुरुवारी, वीस तारखेला, सकाळच्या बसने निघतो. दुपारपर्यंत जालन्याहून बदनापूरला पोचेन. तोवर फ्रेमला कोणी हात लावायचा नाही. आल्यावर सगळं सांगतो.

बद्रीनाथच्या घरी फोन करू नको, फोटोही पाठवू नको. त्याच्या बायकोला सगळं गावभर करायची सवय आहे. आपल्या घरातली गोष्ट आपल्या घरात बरी.

सुरेखाला यातलं काही बोलू नको.

मामा

*

बदनापूर
२२ नोव्हेंबर २०२५

ती. मामा,

गुरुवारी अर्पिता शाळा बुडवून स्टँडवर दोन तास बसली. जालन्याहून आलेल्या चार बसगाड्यांत तिने डोकावून पाहिलं. तुम्ही नाही. निरोपही नाही. बद्रीनाथभाऊंना फोन करणार होते, पण तुम्हीच नको म्हणालात. तुमची तब्येत ठीक आहे ना, एवढं तरी दोन ओळीत कळवा. आई काळजी करते. तिला मी एवढंच सांगितलं की मामांची बस चुकली.

मी तुमचं शेवटचं पत्र पुन्हा वाचलं आणि मला सगळं कळलं, मामा. तुम्हाला राग आलाय. चाळीस वर्षं ज्याच्या हातून सायकली रंगून गेल्या, त्याच्या कामावर भाचीने गेटचा उरलेला रंग फासायचा आणि भिंतीचा रंगारी तिला सल्ले देणार! तुम्ही सरळ "मला रंगवायची आहे" असं लिहिलं असतं, तर मी महिनाभर थांबले असते. पण शाळा थांबत नाही. चालत जाऊन येऊन पोरीच्या टाचा सोलल्या आहेत.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं देते. नख अडकतं. रेघ दोन बोटं लांब आहे, खालच्या अंगाला जाते. गुरुवारी संध्याकाळीच मी लांबी चांगली दाबून भरली, रात्रभर वाळवली, घासून गुळगुळीत केली, मग तांबडा प्रायमर आणि मोरपंखीचे दोन हात. तुम्ही आता शोधून दाखवा कुठे काय होतं ते! चाकं जुन्या बाजारात मिळाली, थोडी झोल खातात, पण ब्रेक नवे टाकले. पुढचा तर असा लागतो की अर्पिता पहिल्यांदा हँडलवर आपटली. सायकल इतकी देखणी दिसते की गल्लीतल्या बाया बघायला आल्या. आईने नारळ फोडला.

त्याच दिवशी एक वेगळंच झालं. आई बाजारातून रिकाम्या हाताने परत आली. म्हणाली, "तो दिसला. राधेश्याम. भाजी घेऊन राह्यला व्हता, जसं काय केलंच न्हाई." दादांना उडवणारा ट्रकवाला, मामा. दीड वर्ष आत राहून आला, त्यालाही किती वर्षं झाली. केस सगळे पांढरे झालेत म्हणे. आईने त्याच्यासमोर थुंकून दाखवलं. तो पिशवी उचलून गेला. रात्री जेवताना आई सांगत होती, कोर्टात तो हात जोडून म्हणाला होता, "साहेब, मी काय बी केलं न्हाई. सायकल माझ्याम्होरं आपोआप मोडली, तो मानूस खाली आला." आई म्हणते, "आपोआप मोडली म्हणे! खोटारडा मेला. माझ्या भावानं जोडलेली सायकल व्हती ती."

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे अपघाताच्या आधीही तुम्ही ती एकदा जोडली होती का?

अर्पिता आठ दिवस इथे गल्लीत शिकेल. सपाट रस्ता आहे, भीती नाही. सोमवारी, एक डिसेंबरला, शाळेत सायकलने जाणार. रुळांवरच्या पुलाच्या चढावर तिला सायकल हातात धरून न्यायला सांगितलंय. उतार तिला आवडणार, हे काय सांगायला हवं!

रुसवा सोडा आणि या.

तृप्ती

*

पिंपळगाव रेणुकाई
२६ नोव्हेंबर २०२५

तृप्ती,

हे पत्र हातात पडताच आधी उठ आणि सायकलीचं पुढचं चाक काढून घे. मग पुढचं वाच.

अर्पिताला त्या सायकलीवर बसू देऊ नको. एकदाही नको. ती रेघ रंगाची नाही, लोखंड फाटलं आहे. लांबीने ते झाकलं, सांधलं नाही. उतारावर पुढचा ब्रेक दाबला की सगळा भार त्याच जागेवर येतो.

तू विचारलंस तर सांगतो. हो, अपघाताच्या आधी मी ती जोडली होती. तिथेच. संपतराव दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लावून भोकरदनला जायचे, त्या वजनाने तिथला पाइप तडकला. पोळा चार दिवसांवर होता, दुकानात गिऱ्हाइकांची रांग होती. जोड पक्का करायचा तर पाइपात आतून लोखंडाचा तुकडा सरकवावा लागतो, जागा लालबुंद करावी लागते, टाकणखार टाकून पितळ आत उतरवावं लागतं. माझ्याकडे टाकणखार संपला होता. मी पितळ तसंच वितळवून टाकलं. ते आत उतरलं नाही, वरच बसलं. मला ते तेव्हाच दिसलं होतं. डोळ्यांनी दिसलं होतं. मी वरून कानशीने घासलं आणि हिरवा रंग मारला. आमच्या धंद्यात हे सगळे करतात. जोडावर रंग चढला की गिऱ्हाईक पाहत नाही. संपतराव म्हणाले, "वा! कुठं जोडली ते कळत सुदीक न्हाई." मी त्यांना म्हणालो, पोळा झाला की आणा, आतून पक्कं करून देतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ते गेले.

मी तिथे सगळ्यांच्या आधी पोचलो होतो. तुकडा हातात घेतला. लोखंड ताजं मोडलं तर चांदीसारखं चमकतं. हे अर्धं चमकत होतं आणि अर्धं तांबडं होतं. म्हणजे आधीच सुटलेलं होतं. राधेश्याम रस्त्याच्या कडेला बसून रडत होता. तो पुन्हा पुन्हा तेच सांगत होता, जे कोर्टात सांगितलं. त्याला लोक मारत होते. मी काही बोललो नाही. कोर्टात मला कोणी बोलावलंही नाही. सुरेखा म्हणाली सायकल भंगारात घालायची नाही, म्हणून पोलिसांकडून सोडवून आणली, नुसती दिसायला जोडली आणि जाड काळा रंग दिला. चाकं मी मुद्दाम विहिरीत टाकली, कोणी तिच्यावर बसू नये म्हणून. एकोणीस वर्षं तेवढं पुरलं.

वीस तारखेला मी निघालो होतो. भोकरदनला बसमध्ये जागा मिळाली, कंडक्टरने तिकीट फाडलं, आणि मी उतरलो. सुरेखाच्या तोंडाकडे बघून हे कसं सांगायचं ते मला जमेना. रसवंतीपाशी बसून राहिलो आणि संध्याकाळी परत आलो.

बद्रीनाथचं घर दोन दारं सोडून आहे. त्याला सांगितलं असतं तर त्याने तुला फोन लावला असता. पण काय सांगायचं? नुसतं सायकल चालवू नको म्हटलं तर तू हसशील, आधीही हसलीस. कारण सांगायचं तर ते बद्रीनाथला सांगावं लागेल, आणि मला माझा आवाज ऐकू येत नाही, मी ओरडतो. सगळी गल्ली ऐकेल. म्हणून लिहितो आहे. आज बुधवार आहे, शनिवारपर्यंत पत्र पोचतंच. मी हिशेब केला आहे.

मला काय म्हणायचं ते म्हण. पण आधी चाक काढ.

पुंजाराम

*

जालना
९ डिसेंबर २०२५

मामा,

तुमचं पत्र गेल्या सोमवारी, एक तारखेला, दुपारी सव्वाबारा वाजता आलं. शनिवारी पोस्टमन आला नाही, रविवारी येत नाहीत. अर्पिता दहा वाजता गेली होती.

पत्र आलं तेव्हा मी घरी नव्हते. यांना पुलाजवळून कोणाचा तरी फोन आला होता. पाकीट आईने घेतलं आणि तिला वाचता येत नाही म्हणून दवाखान्यात येताना पिशवीत टाकून आणलं. म्हणाली, "मामाचं पत्र आलंय, वाच, तेवढंच बरं वाटंल." मी ते ऑपरेशनच्या खोलीबाहेर उभं राहून वाचलं. ती समोर बसून माझ्याकडे बघत होती. मी तिला सांगितलं, मामांनी आशीर्वाद लिहिलेत.

अर्पिता जिवंत आहे. जबडा दोन ठिकाणी मोडलाय, समोरचे चार दात गेले, हनुवटीला अकरा टाके आहेत. तोंड तारेने बांधलंय, दीड महिना उघडायचं नाही. नळीने दूध देतो. डॉक्टर म्हणाले, डोक्यावर पडली असती तर आपण बोलत नसतो. पुलाच्या उतारावर तिने ब्रेक दाबला आणि हँडल पुढच्या चाकासकट वेगळं झालं. तुम्ही लिहिलंत तसंच, त्याच जागी. मी मोडलेला पाइप पाहिला. अर्धा चमकतोय, अर्धा तांबडा आहे, आणि कडेला मी भरलेली पांढरी लांबी. ती मी भरली, मामा. तुम्ही नको म्हणाला होतात आणि मी भरली. कारण विचारायला थांबले नाही. हे ओझं माझं आहे, ते मी तुमच्यावर ढकलणार नाही.

पण पुढचं ऐका. तिच्या मागून एक टेम्पो येत होता. त्याने करकचून ब्रेक मारले आणि तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. तो माणूस उडी मारून तिला उचलायला धावला. लोकांनी काय पाहिलं? पोरगी रक्तात पडलेली, सायकलीचे दोन तुकडे आणि समोर टेम्पो. त्यांनी त्याला ओढून मारलं. हे पोचले आणि यांनीही मारलं. त्याचा उजवा हात मोडलाय. बबलू नाव त्याचं, घनसावंगीकडचा आहे. यांनी पोलिसांना जबाब दिला की टेम्पोने पाठीमागून धडक दिली. मुद्दाम खोटं नाही सांगितलं, यांना तसंच वाटलं. टेम्पो जप्त झालाय. आई दवाखान्याच्या पायरीवर बसून त्याला शिव्याशाप देते आणि ते शब्द मला पाठ आहेत. लहानपणापासून राधेश्यामसाठी तेच ऐकत आले.

काल अर्पिताने वहीत लिहिलं, "हँडल हातात आलं. टेम्पोचा काही संबंध नाही. त्या काकांना सोडलं का?" चौदा वर्षांची आहे. तोंड बांधलेलं असून तिने दोन ओळीत सांगून टाकलं.

मी यांना काल सगळं सांगितलं. तुमची पत्रं वाचायला दिली. आज सकाळी ते जबाब बदलायला गेले. पोलीस म्हणाले, मोडलेली फ्रेम आणा आणि ज्याने जोडली त्याला आणा. गुरुवारी, अकरा तारखेला, सकाळी अकरा वाजता. तुम्ही यायचं आहे. तिथे या सायकलीचं सांगायचं आणि एकोणीस वर्षांपूर्वीच्या सायकलीचंही सांगायचं. नाही आलात तर तुमचं सव्वीस तारखेचं पत्र मी टेबलावर ठेवणार आहे.

आणि आईला मी सांगणार नाही. यांनाही सांगू देणार नाही. ते तुम्ही तिच्यासमोर बसून सांगायचं. मग तिने राधेश्यामकडे जायचं की नाही, ते ती ठरवेल. तुमच्यासाठी मला वाईट वाटतं, मामा, खरंच वाटतं. पण तुमच्या त्या तीन दिवसांच्या हिशेबात माझी पोर होती, आणि ते तुम्हाला माहीत होतं.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. लिहून झालं की याचा फोटो काढून बद्रीनाथभाऊंच्या मोबाइलवर पाठवते. तुमच्यासमोर धरण्याआधी ते वाचतील, त्यांची बायको वाचेल. वाचू देत. दोन मिनिटांत पोचेल.

तृप्ती